हाकालाची आठ वर्षं

रोलांद त्रेपानियेनं रेइनो हाकालाला आठ वर्षं दिली ती डोकं वापरून नाही, डोकं फिरलं म्हणून दिली. हे सगळ्या कापुस्कासिंगला, कॅनडातल्या त्या गावाला, ठाऊक होतं. तिला स्वतःला तर सगळ्यात आधी ठाऊक होतं, पण ते दुसऱ्या कोणी बोलून दाखवलं की तिचं डोकं परत फिरायचं.

झालं असं. कागदाच्या मिलमधल्या दहा जणांनी तीस वर्षांपूर्वी एक खेळ सुरू केला, मिल पूल त्याचं नाव. दहा माणसं, दहा खुर्च्या. प्रत्येकाचा एकेक संघ, पण कागदावरचा. बर्फावरच्या हॉकीच्या खऱ्या लीगमधले खेळाडू सप्टेंबरात लिलावात घ्यायचे आणि ते हिवाळाभर खरोखर जेवढे गोल मारतील तेवढे आपल्या नावावर धरायचे. खऱ्या लीगला पगाराची मर्यादा असते, म्हणून यांनाही होती. पंधरा खेळाडू, आणि सगळ्यांचे आकडे मिळून ऐंशीच्या आत. ऐंशी म्हणजे ऐंशी दशलक्ष डॉलर, बरं का, आणि त्यातला एक सेंटसुद्धा खरा नाही. जिंकणाऱ्याला काय मिळायचं तर वर्षभर फुशारकी मारायचा हक्क. पण त्या खोट्या ऐंशीपायी माणसं एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेली नव्हती.

खेळाडू एक वर्षासाठी घ्या नाहीतर आठ वर्षांसाठी. वर्षं जितकी जास्त द्याल तितका दर वर्षाचा आकडा खाली येतो. वर्षाला बारा मागणारा गडी आठ वर्षं दिली की नऊला तयार. ऐकायला झकास वाटतं. मेख अशी की एकदा दिलेली वर्षं परत घेता येत नाहीत. खेळाडू म्हातारा होऊ दे, लंगडा होऊ दे, आकडा तुमच्याच पाटीवर. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारता आला तर मारा, पण तो घ्यायला तेवढा खुळा माणूस सापडायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वीच्या लिलावात हाकालाचं नाव निघालं. तेव्हा तो पस्तिशीचा. त्याच्या खऱ्या संघानं, हेरन्सनं, त्याच उन्हाळ्यात त्याला आठ वर्षांचा करार दिलेला, आणि पेपरवाले त्यांना येडे म्हणत होते. रोलांदच्या समोर मर्व लिंडक्विस्ट बसलेला. मिल सोडल्यापासून मर्वचं हार्डवेअरचं दुकान. हा माणूस आयुष्यात कुठल्याच खेळाडूला एका वर्षाच्या वर घेत नाही. बायकोशी लग्न केलं तेच कसं केलं, असं गावात विचारतात.

"फार तर दोन वर्षं," मर्व म्हणाला. "कंबर गेलीय त्याची. वाकताना बघा त्याला, माझी सासू चर्चमध्ये गुडघे टेकते तसा वाकतो."

सगळे हसले. रोलांद हसली नाही. हाकाला इथलाच पोरगा, वीस मिनिटांवरच्या मूनबीमचा. त्याला कोणी सासू म्हणावं, तेही मर्वनं, ज्याला स्वतःला बुटाची नाडी बांधायला स्टूल लागतं.

"आठ," ती म्हणाली.

"आठ काय?"

"आठ वर्षं. वर्षाला नऊ. लिही, गायताँकाका."

गायताँकाका म्हणजे गायताँ लाशापेल, वय अठ्ठ्याहत्तर, नियमांची वही याच्याकडे. त्यानं पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. "पोरी, आधी जरा पाणी पी."

"लिही म्हणते ना."

त्यानं लिहिलं.

पहिल्या वर्षी हाकालानं एकोणतीस गोल मारले. रोलांदची चिप्सची गाडी आहे, बटाट्याचे जाड काप तळून विकायची मोटार, रिंकच्या म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या बाहेर लावते. त्या हिवाळ्यात मर्व आला की ती मुद्दाम खिडकीतून अख्खी बाहेर येऊन विचारायची, "सासूबाईंनी काल दोन मारले, ऐकलंस का?" दुसऱ्या वर्षी अकरा. तिसऱ्या वर्षी जानेवारीत कमरेचा सांधा निकामी झाला, ऑपरेशन झालं, आणि हाकाला जखमींच्या यादीत गेला.

आता इथे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट याच्यावर आहे. खेळाडू जखमी असेल तर त्याचा आकडा मोजत नाहीत, तेवढी जागा तुम्हाला मोकळी. पण तोच खेळाडू जर म्हणाला की मी निवृत्त झालो, तर आकडा परत येऊन बसतो, आणि कराराची वर्षं संपेपर्यंत उठत नाही. खऱ्या लीगमध्ये पस्तिशीनंतरच्या कराराला हेच लावतात, आणि गायताँकाकानं ते जसंच्या तसं वहीत उतरवलं होतं. म्हणजे हाकाला घरी बसून नुसता कण्हत राहिला तरी रोलांदचं भलं. त्यानं एक शब्द तोंडातून काढला की पाच वर्षं नऊचा धोंडा.

या सप्टेंबरात रोलांदकडे चौदा खेळाडू होते, आकडा एकाहत्तर. पंधरावा घ्यायला नऊ शिल्लक. हाकाला निवृत्त झाला तर एकाहत्तर नि नऊ ऐंशी, झालं भांडं भरलं, आणि पंधरावा घ्यायला एक छदाम नाही. नियम असा की लिलावाच्या शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ज्याचा संघ पुरा नाही त्याची खुर्ची गेली. गेली म्हणजे कायमची. बाहेर दातांचे डॉक्टर प्रुदोम तीन वर्षं नंबर लावून बसले होते. गावातल्या कोणाचीही दाढ धरली की ते विचारायचे, "काय मग, पूलमध्ये कोणाची खुर्ची हलतेय का?" आणि तोंडात चिमटा असल्यामुळे कोणाला नाही म्हणता यायचं नाही.

रोलांदला पूल म्हणजे काय होतं ते सांगायचं तर, दहांत ती एकटी बाई. ती खुर्ची तिनं मागून घेतलेली नव्हती, भांडून घेतलेली होती, बावीस वर्षांपूर्वी, आणि त्या टेबलावर तिला कोणी "चिप्सवाली" म्हणत नव्हतं. तिथे ती मॅनेजर होती.

गुरुवारी सकाळी रेडिओवर सांगितलं, रेइनो हाकाला शनिवारी दहा वाजता मूनबीमच्या रिंकवर काहीतरी बोलणार आहे. काय बोलणार ते सांगायला रेडिओ कशाला लागतो.

रोलांदनं तळण बंद केलं, शेवटच्या घाणातल्या चिप्सवर चीजचे गोळे टाकले, वर ग्रेव्ही ओतली, डबा फॉइलमध्ये गुंडाळला आणि गाडीच घेऊन निघाली. दुसरं वाहन नव्हतं. मूनबीमच्या रस्त्यावर मागे झारे नि कढया अशा खणखणत होत्या की दोन मुस, घोड्याएवढी हरणं ती, रस्ता ओलांडायचे थांबले आणि ही जाईपर्यंत बघत बसले.

हाकालाचा कॅम्प, म्हणजे सुट्टीतलं लाकडी घर, रेमी तळ्याच्या काठी. तो गुडघाभर पाण्यात उभा होता, रबरी बूट घालून, आणि लाकडी जेटी, होडी लावायचा धक्का, बाहेर ओढत होता. तळ्यावर बर्फ धरायच्या आत सगळेच काढतात. एकट्यानं ओढायची वस्तू नाही ती. रोलांदनं लांबूनच बघितलं, माणूस सगळा भार डाव्या पायावर टाकतोय, उजवा नुसता सोबतीला.

"मुलाखत नाही, सही नाही," तो मान न वळवता म्हणाला.

"मी सही मागायला नाही आले. मी तुमची मालक आहे."

आता मात्र त्यानं वळून बघितलं. आधी बाईकडे, मग गाडीकडे, मग बाईच्या हातातल्या डब्याकडे.

"त्रेपानियेंची गाडी," तो म्हणाला. "लहानपणी बाबा घेऊन यायचे. तुमच्या आई ग्रेव्ही जास्त घालायच्या."

"आई दिवाळखोर होती. आधी त्या फळीचं दुसरं टोक धरते, मग बोलू."

दोघांनी मिळून जेटीचे तीन तुकडे काठावर आणले. चौथा आणताना रोलांदच्या बुटात तळं शिरलं आणि तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून हाकाला मोकळा झाला. मग ते काठावरच्या फळीवर बसले आणि एकाच डब्यातून खाऊ लागले, आणि तिनं सगळं सांगितलं. मर्व, सासू, आठ वर्षं, नऊचा आकडा, दातांचे डॉक्टर.

"आठ?" हाकाला म्हणाला. "पस्तिशीच्या माणसाला? जवळ कोणी थांबवणारं नव्हतं?"

"होतं. म्हणूनच दिली."

तो इतका हसला की कमरेला हात लावावा लागला. "आमच्या डूलीनं पण तेच केलं. स्पेन्सर डूली, आमचा मॅनेजर. त्यानं दिली तेव्हा माझ्या एजंटनं मला टेबलाखालून लाथ मारली, म्हणजे काय, हसू नको." त्यानं चीजचा धागा बोटानं तोडला. "काल आला होता इथे. विमानानं मोठ्या शहरातून, मग भाड्याची गाडी. पायात असले बूट की गवतातून बदकासारखा चालत होता. चीजची टोपली घेऊन आला."

"काय म्हणाला?"

"तुम्ही म्हणणार तेच. तो शब्द काढू नकोस. जखमी रहा. पाच वर्षं जखमी रहा, पगार घे, आम्हाला तेवढी जागा मोकळी मिळते."

"शहाणा माणूस आहे," रोलांद खूष होऊन म्हणाली. "मग तुमचं अडलंय कुठे? घरबसल्या पगार."

"पगार कसला. लोणी सगळं पहिल्या तीन वर्षांत खाऊन झालं. शेवटची वर्षं नुसतं ताक आहे, आकडा कमी दिसावा म्हणून लावलेली. ते सोडलं तरी माझं काही जात नाही." तो काठाकडे बघत होता. "जखमी माणसानं बर्फावर दिसायचं नसतं, बाई. मला लीगमध्ये खेळता येत नाही, खरंय ते, पण स्केट घालून हळूहळू फिरता येतं. फिरलो आणि कोणी फोटो काढला, तर उद्या लीग विचारणार, हा उभा राहतो तर खेळत का नाही. ही जेटी ओढताना बघितलं असतं तर डूली इथेच आडवा झाला असता."

"नाही फिरलात बर्फावर तर काय बिघडतं? लोक कितीतरी वर्षं फिरत नाहीत."

त्यानं नुसती हनुवटी उडवली. कॅम्पच्या भिंतीला प्लायवूडचा एक तुकडा टेकवलेला आणि त्याच्यासमोर अकरा-बारा वर्षांची पोरगी हॉकीच्या काठीनं चेंडू मारत होती. दहातले आठ प्लायवूड सोडून मागच्या झुडपात.

"वेरा. माझी मुलगी. मूनबीमच्या मुलींच्या संघात आहे. अकरा मुली आहेत, आणि कोच सडबरीला बदलून गेली. मला विचारलं त्यांनी. मी हो म्हणू शकत नाही, कारण मी जखमी आहे. म्हणून मी रिंकच्या काचेमागे उभा राहून ओरडतो. काचेतून काही ऐकू जात नाही. त्यांना वाटतं मी चिडलोय."

चेंडू परत झुडपात गेला. हाकालाचं उजवं मनगट आपोआप वळलं, जणू सांगत होतं, असं नाही, असं. त्याला स्वतःला कळलंही नाही. रोलांदला दिसलं.

"मग शनिवारी सांगताय तर," ती म्हणाली.

"ठरलं नाहीये. रिंक घेतलीय दहा वाजताची, पण डूली बोलतो छान. संघाचं कसं वाटोळं होईल, संघातल्या पोरांना कसं काढावं लागेल. अर्धा वळलोय मी. तिथे उभा राहून नुसतं सगळ्यांचे आभार मानून घरी येईन, असंही होऊ शकतं." त्यानं डबा तिच्याकडे सरकवला. "आता तुम्ही पण आलात. तुम्हीही मालक. तुम्ही सांगा, राहू का जखमी?"

बघा, हातात आलं होतं. नुसतं "राहा" म्हणायचं. खुर्ची वाचली, मर्वचं तोंड बंद, डॉक्टर प्रुदोम अजून पाच वर्षं दाढा उपटत बसले असते. ती त्यासाठीच आली होती, गिऱ्हाईक टाकून, बूट भिजवून. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला तो बदकासारखा चालणारा माणूस डोळ्यासमोर दिसला, टोपली घेऊन. त्याच्यात आणि आपल्यात फरक काय, तर त्याच्या चीजवर ग्रेव्ही नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डूलीवर गेली, हाकालावर गेली, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

"तू काय मला विचारतोस रे," ती म्हणाली. अहो-जाहो तिथेच संपलं. "अडतीस वर्षांचा घोडा झालास आणि कण्हू का नको हे चिप्सवालीला विचारतोस? आठ वर्षं मी दिली, डूलीनं दिली. तू गळ घातली होतीस का? आमची अक्कल चरायला गेली ती आम्ही निस्तरू. त्यासाठी तू पाच वर्षं काचेमागे माकडासारखा उभा राहणार? बोलून टाक तो शब्द. मोठ्यानं बोल."

"आणि तुमची खुर्ची?"

"माझी खुर्ची मी बघीन. तू तुझ्या पोरीची मनगटं बघ. काठी धरलीय का झाडू ते कळत नाहीये."

परत येताना मात्र रेल्वे फाटकापाशी लाकडं भरलेली मालगाडी आडवी आली, ऐंशी-नव्वद डब्यांची, आणि रोलांदला विचार करायला वेळ मिळाला. त्याचा तिला फार त्रास झाला. ती प्रत्येक डब्यागणिक स्वतःला एक शिवी देत होती. साठाव्या डब्यापाशी शिव्या संपल्या, मग पहिल्यापासून सुरुवात केली.

शनिवारी कापुस्कासिंगच्या रिंकच्या वरच्या खोलीत दहाही खुर्च्या भरल्या. अकरावे डॉक्टर प्रुदोम, दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर कोट, कोटावर स्वच्छ नवी वही. दहा वाजता गायताँकाकानं रेडिओ लावला. हाकाला जास्त बोललाच नाही. म्हणाला, मी थांबतोय, कंबर थांबली म्हणून मी पण थांबतोय, सगळ्यांचे आभार, आणि आता जरा गडबड आहे, अकरा मुली बर्फावर वाट बघतायत. मागे चिरक्या आवाजात कोणीतरी "कोच" म्हणून ओरडलं आणि बातम्या लागल्या.

खोलीत कोणी रोलांदकडे बघितलं नाही. म्हणजे सगळे बघत होते, पण पेन्सिलींकडे बघितल्यासारखं करत.

"वाईट झालं गं," मर्व म्हणाला. त्याच्या मिशीत हसू मावत नव्हतं. "माझी सासू अजून चालती-फिरती आहे हं, ब्याऐंशीची."

"तिला घे मग संघात. एका वर्षासाठी."

लिलाव सुरू झाला. रोलांदला बोली लावायची सोयच नव्हती, चौदा खेळाडू नि पुरे ऐंशी घेऊन ती हाताची घडी घालून बसली. बाकीचे घासाघीस करत होते. मर्वची तर त्या दिवशी चैन होती. त्याचे सगळे करार दरवर्षीसारखे उन्हाळ्यात संपलेले, पंधराच्या पंधरा जागा मोकळ्या, आणि हा बाकीच्यांची बोली थंड होऊ द्यायचा आणि मग दोनला, तीनला, चारला एकेक उचलायचा, बाजारात शिळी भाजी घेतल्यासारखा. प्रत्येक वेळी वहीत आकडा लिहून स्वतःशीच गुणगुणायचा. साडेअकराला बाकी सगळ्यांचे संघ भरले.

गायताँकाकानं चष्मा पुसला. "आता अर्धा तास अदलाबदलीचा. संघ वाचतो. रोलांद, चौदा खेळाडू, ऐंशी." त्यानं घसा साफ केला. "पोरी, बारापर्यंत वेळ आहे." मग एकेक नाव घेत गेला. सगळे काठोकाठ, एकोणऐंशी, ऐंशी, साडेएकोणऐंशी. अशा संघात नऊचा धोंडा कुठे ठेवणार. "मर्व. पंधरा खेळाडू, बावन्न."

"बावन्न," मर्वनं खोलीभर नजर फिरवली. "लिहून ठेवा. सगळ्यात स्वस्त संघ, पूलच्या इतिहासात."

"हो," गायताँकाका म्हणाला, आणि वहीचं पान मागे उलटायला लागला. उलटतच राहिला. पार पहिल्या पानांपर्यंत गेला, जिथे शाई तपकिरी झाली होती. "मर्व, नियम सहावा. ऐंशीच्या वर जायचं नाही, तसं साठच्या खालीही राहायचं नाही. खऱ्या लीगमध्ये असतं ना तसं. कोणी फुकटात संघ भरून नुसता बसू नये म्हणून. बारा वाजता साठच्या खाली असेल त्याची खुर्ची जाते."

"असला नियम कधी झाला?"

"तूच लिहायला लावलास. एकोणीसशे शहाण्णवमध्ये. हे अक्षर तुझं."

मर्वनं चष्मा लावून बघितलं. अक्षर त्याचंच होतं. तीस वर्षांत कोणी साठच्या खाली गेलंच नव्हतं, कारण मर्वएवढं चिकट त्या टेबलावर कोणी नव्हतं, आणि मर्वलाही पंधराच्या पंधरा इतक्या पडत्या भावात आजवर कधी मिळाले नव्हते.

डॉक्टर प्रुदोमनी स्टूल थोडं पुढे ओढलं. आता दोन खुर्च्या.

मर्व घाईघाईनं आकडेमोड करायला लागला. आठ पाहिजेत. नवीन खेळाडू घ्यावा तर जागा नाही, पंधरा भरलेत. म्हणजे कोणाचा तरी महागडा घ्यायचा आणि आपला स्वस्तातला द्यायचा. आणि हे करून मोकळं होण्याची गरज असलेलं माणूस त्या टेबलावर एकच होतं. तो रोलांदकडे वळला, आणि आवाजात एकदम मध आला.

"रोलांद, तुझा गोली बाराला आहे ना. मी तुला माझा देतो, तीनवाला. तुला नऊ मोकळे, मला नऊ जास्त. दोघांचं भागलं."

तिचा गोली, म्हणजे गोलरक्षक, लीगमधला तिसऱ्या नंबरचा होता. मर्वचा तीनवाला गोली दात येणाऱ्या पोरासारखा, दिसेल ते धरायचा, हॉकीची चकती सोडून.

"नाही," रोलांद म्हणाली. "हाकालाला घे."

"तो निवृत्त झाला आत्ता. रेडिओवर. सगळ्यांनी ऐकलं."

"म्हणूनच. निवृत्त माणूस जागा अडवत नाही. तुझे पंधरा तसेच राहतात आणि आकडा नऊनं वाढतो. बावन्न नि नऊ एकसष्ट. काका, चालतं का?"

गायताँकाकानं वहीत बोट फिरवलं. "चालतं. खऱ्या लीगमध्ये पण करतात हे. खालच्या आकड्याला टेकायला मेलेले करार घेतात."

"पाच वर्षं राहिलीत त्याची," मर्व म्हणाला. "पाच वर्षं मी त्याला पोसू? मी? गोली दे, नाहीतर जाऊ दे."

"जाऊ दे."

"तुझी खुर्ची जाईल."

"तुझी पण जाईल."

अकरा बेचाळीस. खाली रिंकवर बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरत होतं त्याची घरघर वर येत होती. मर्वनं गोलीच्या जागी दुसरा खेळाडू मागितला, दहावाला. नाही. मग तो आणि पुढच्या वर्षीची तिची पहिली बोली. नाही. प्रत्येक नाहीबरोबर रोलांद हाताची घडी आणखी घट्ट आवळत होती. अकरा एक्कावन्नला तिच्या मनात आलं, दे गोली, खुर्ची तरी राहील. ते तिनं गिळलं.

"ती देणार नाही, मर्व," टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं. "चिडलीय ती."

"मला दिसतंय ती चिडलीय."

"नाही, म्हणजे, हिनं चिडून आठ वर्षं दिली होती. ही बाई चिडली की स्वतःचं घर पेटवून शेकत बसेल."

मर्वनं रोलांदकडे बघितलं. बावीस वर्षं तो तिच्यासमोर बसत होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या की काय होतं हे त्याला तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पाळ्या लाल होत्या. त्या भीतीनंही लाल होतात, हे त्याला कुठून माहीत असणार.

"वर काहीतरी दे," तो म्हणाला. "नुसता धोंडा कसा घेऊ. लोक हसतील."

"महिनाभर चिप्स. ग्रेव्ही घालून."

"दोन महिने."

"सहा आठवडे. आणि चीज नाही."

"चीजशिवाय काय मजा."

"अकरा छप्पन," गायताँकाका म्हणाला.

"बरं, चीज," रोलांद म्हणाली.

मर्वनं सही केली. पेन कागदात रुतवून केली, खालच्या दोन पानांवर उमटली. रोलांदनं उरलेल्यांतला एक तरुण बचावपटू चारला उचलला आणि पंधरा पुरे झाले, अकरा अठ्ठावन्नला. डॉक्टर प्रुदोम उठले, कोट घातला, सगळ्यांचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि जाता जाता मर्वला म्हणाले, "मंगळवारी तुमची दाढ आहे. चारला." त्यांच्या आवाजात काही वाकडं नव्हतं, तरी मर्वचा हात गालावर गेला.

खाली आल्यावर रोलांदनं गाडीची खिडकी उघडली आणि तेल तापायला ठेवलं. लिलाव सुटलेली मंडळी आपोआप रांगेत लागली. पुढे मर्व, कारण आज त्याचं फुकट होतं. मागून सगळे त्याला टोचायला लागले होते. काय मर्व, पाच वर्षं. काय मर्व, म्हातारपणीची सोय केलीस. सासूला सोबत झाली.

"हसा लेको," मर्व म्हणाला. त्यानं डबा घेतला, एक चिप तोंडात टाकली, आणि बराच वेळ चावत राहिला. मग खिडकीच्या कडेवर कोपर टेकून आवाज खाली आणला. "रोलांद, तू गुरुवारी गेली होतीस ना त्याच्याकडे. चालताना कसा वाटला?"

"डाव्या पायावर भार टाकतो."

"पण उभा राहतो."

"मर्व, तो निवृत्त झालाय."

"ते माहितेय मला. ऐकलं मी." तो मागे रांगेकडे एकदा बघून परत वळला. "पण आता हे कमरेचे सांधे कसले भारी बसवतात. माझ्या मेव्हण्याचा बसवला, तो बर्फावर मासे धरायला जातो. हाकाला तर अडतीसचाच आहे. समज, पोरींना शिकवता शिकवता अंग मोकळं झालं त्याचं. माणसं परत येतात गं. येतात का नाही? आणि करार कोणाकडे आहे मग? नऊला. नऊला काय मिळतं हल्ली."

रोलांदनं झारा थांबवला आणि त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मागून कोणीतरी ओरडलं, "मर्व, सरक की पुढे, तुझा लंगडा घोडा घेऊन."

"लंगडा कोणाला म्हणतोस?" मर्व गर्रकन वळला, डबा हातात, ग्रेव्ही बाहीवर. "गोल मारलायस का तू आयुष्यात एक तरी? रिंकवर तरी गेलायस का कधी? माझ्या खेळाडूबद्दल नीट बोलायचं."